अक्काच्या तुकड्यातली हराळी

अक्का,

पेरनी झाली. हस्ताचा पाऊस चांगला लागला, रानाला वाफसा आला, आन तुझ्या तुकड्यात शाळू पडला. सगळ्यात आदी हे तुलाच सांगायचं हुतं. गावात कुनाला सांगू? सगळी तितं बांधावरच हुबी हुती. तू तेवढी न्हवतीस.

तुला जाऊन अजून लई दिस झाले न्हाईत. आई तुझं निळं लुगडं धुते, दांडीवर घालते, वाळलं की घडी करते, आन दुसऱ्या दिशी परत धुते. आप्पा बगतात, बोलत न्हाईत. मी बोलतो. मला गप बसता येत न्हाय हे तुला म्हाईत हाय. पन आता ऐकनारं कोन? म्हनून लिवतोय, भराभर, शाई सांडतीया तरी. माझं अक्षर बगून तू म्हनायचीस, "बाळ्या, हे वाचायचं का ह्याच्यावर कुळव घालायचा?" घाल कुळव. पन आदी वाच.

तू मंगळवेढ्यास्नं परत आलीस त्यो दिवस मला सारका आटवतो. दाजी जाऊन वरीस झालं हुतं. तितं जावेनं तुला ठिवलं हुतं पानी भरायला, शेन काढायला, आन तिची पोरं सांबाळायला. आमच्याकडं तू त्यातलं एक सबूद बोलली न्हाईस. नुसती बैलगाडीतनं उतरलीस, गाठोडं वट्यावर ठिवलंस, आन आप्पांना म्हनालीस, "मला भाकरी नको. मला रान द्या. भाकरी माझी मी करीन."

आप्पा लई येळ तंबाखू चोळत बसले. मंग म्हनाले, "वड्याकडचा तुकडा घे."

आई आतनं वरडली, "आवो, त्यो हराळीचा!"

"व्हय, हराळीचाच. साफ केला तर तिचा. ती हाय तवर त्यातला शाळू तिचा, कडबा तिचा. न्हाय झाला, तर मंगळवेढ्याला सोडून येतो."

"आन मूठ?" तू इचारलंस.

आई उंबऱ्यात आली. पेरनीची पयली मूठ, तिफनीच्या चाड्यात बी सोडनारा पयला हात, आपल्यात गड्याचा, न्हाईतर सवाशिनीचा. कपाळ पांडरं झालेल्या बाईचा हात चाड्याला लागला की कनसं पोचट निगत्यात म्हनत्यात. तुला हे म्हाईत न्हवतं असं न्हाय. म्हाईत हुतं म्हनूनच इचारलंस.

आप्पा थुकले आन म्हनाले, "रान साफ कर आदी. मूठबी तूच धर."

मला वाटलं म्हातारा सुटला. हराळी कदी साफ हुत न्हाय हे शेंबड्या पोरालाबी ठावं हाय. म्हंजे रानबी गेलं आन मूठबी. पन तू पदर खोचलास आन त्याच दुपारी वड्याकडं गेलीस. मी मागनं पळत आलो. तू रानाच्या मदी हुबी, आन पायाखाली ती, ठिगळा-ठिगळानं पसरलेली, शेंड्याला ती चार बोटांची फुलं, चिमनीच्या पायावानी. तू चपलीनं एक येल उचलली आन म्हनालीस, "दिसायला गरीब हाय की."

मंग गावानं केलेली ती माया. शेजारच्या रानाचे धोंडीनाना दारात आले, "गोदे, तू एकली काय करतीस? आमी इर्जिक घालतो." मिरीग पडून गेला हुता, रान मऊ हुतं, बैलांना सोपं. ज्याच्या-त्याच्या दावनीतनं बैलं आली, नांगर आले, फुकट, नुसत्या जेवनावर. तू आन आई पाटंपास्नं पोळ्या लाटत हुता. दिस मावळायला तुकडा काळाभोर! हिरवी काडी दिसंना. तू बांधावर बसून रडलीस, खुशीनं. नाना मिशी पुसत म्हनाले, "गोदे, तुझ्या हराळीचं तेरावं घातलं बग आमी!"

आगं, काय केलं हुतं आपन! हराळीच्या येलीला पेरं असत्यात, आन पेरा-पेराला मूळ फुटतंय. त्या नांगरांनी तिचे तुकडे-तुकडे करून सगळ्या रानात फिरवले, वल्या मातीत दाबले. उसाचं बेनं लावत्यात तशी सगळ्या गावानं मिळून तुझ्या रानात हराळी लावली, अक्का. वर पोळ्या खाऊन गेले. ज्यांच्या मनात तुझं बरं व्हावं हुतं त्यांनीच लावली. उन्हाळ्यात, कोरड्यात नांगरलं असतं तर तुकडे वाळून मेले असते. पन उन्हाळ्यात रान दगडावानी, बैलांची कमर मोडती. मायेनं सोपी येळ निवडली.

थोड्या दिसांत ठिगळं गेली आन सतरंजी झाली. नाना बगायला आले, पटका काढून हातात घेतला. तूच त्यांना म्हनालीस, "नाना, गनपतीला येवड्या दुर्वा कुनी वाहिल्या नसतील." ते हसले. तूबी हसलीस. घरी आल्यावर मातुर चुलीफुडं पाठ करून बसलीस आन मला म्हनालीस, "बाळ्या, मंगळवेढ्याच्या आडाला लई खोल पानी हाय रं. दोर वडून हात सोलतात." तेवडंच. मला त्या दिशी कळलं की हे रान म्हंजे नुसतं रान न्हवं.

तवापास्नं आपलं भांडान. अजून मिटलं न्हाय. आता कसं मिटवू?

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी सोलापुरास्नं आलो की तू कुदळ हातात द्यायचीस, पानीबी न इचारता. तू, मी आन मल्लव्वा. मल्लव्वा रोजानं कामाला यायची, अक्कलकोटाकडची, निम्मी कानडी. ती हराळीला गरिके म्हनायची आन दर थोड्या येळानं कमर धरून सांगायची, "बिडु गं गोदव्वा, सोड. गरिके देवाच्या डोस्क्यावरलं गवत. देवाबरं कोन भांडतंय?"

"देवानं डोस्क्यावरच ठिवावं की! माझ्या रानात कशाला?"

वर सगळं वाळलेलं, कुनीबी म्हनावं मेली. खाली कुदळ घातली की काशा, पांडऱ्या, सुतळीयेवड्या जाड, टोक सुईवानी. भेगंत मी खांद्यापातूर हात घालायचो आन बोटांना काशी लागायची. तितंबी हुती! मी वरडायचो, "अक्का, हे मूळ न्हवं! खोड हाय, जिमिनीखालनं चालनारं खोड! सगळं खानं ह्याच्यात साटवलेलं असतंय, म्हनून वरचं कितीबी कापलं तरी ही जगती!" मला लई भारी वाटायचं. तू ढेकूळ पलटी करत म्हनायचीस, "खोड म्हन न्हाय तर मूळ म्हन, माझ्या कमरंला सारकंच." आन मी काशा दोन बोटांत धरून नाजूक वडायला लागलो की, "टायपिंगच्या क्लासात धा बोटं टकटक चालत्यात, आन काशी वडायला दोनच व्हय रं सायेब?"

माझं म्हननं, उनानं मरती. खनायची, ढेकळं उलटी करायची, वैशाखात भाजू द्यायची, परत उलटी करायची. तुझं म्हननं, उजेडावर जगती, तर उजेडच तोड. तू मला हाताला धरून चिंचंखाली नेलंस. झाडाखाली एक काडी न्हाय. जितं सावली संपली तितनं हराळी सुरू, रेघ मारल्यावानी. तू त्या रेघंवर अंगठा ठिवून हुबी ऱ्हायलीस. "ही भुकेली हाय उजेडाची. आपन ताग पेरू, दाट. इतका दाट की साप शिरू नये."

मी म्हनलं, "ताग दोन म्हैने ऱ्हानार. ही खाली काशीत बसून वाट बगंल."

"किती बगंल?"

"तुझ्यापरीस जास्त."

मी हसत बोललो हुतो, अक्का. तूबी मला ढेकूळ मारलंस आन हसलीस. आता त्या बोलन्याचं काय करू, सांग.

आपन दोन्ही केलं. उन्हाळ्यात खांदनी, पावसाळ्यात ताग, श्रावनात ताग उलटा गाडायचा, परत उन्हाळा. तू ताग हातानंच फेकायचीस, मुठी भरभरून. तागाला कोन मूठ इचारतंय? त्यो डोक्याच्यावर गेला, पिवळ्या फुलांनी भरला, आन तू आत शिरून मला हाक मारलीस. आत गार, हिरवा अंधार. खाली हराळी, पिवळी पडलेली, दोऱ्यावानी बारीक झालेली, उंच मान करून कुटनं तरी कवडसा घावतो का बगत चाललेली. तू वाकून तिला म्हनालीस, "काय गं, लागली का भूक?" तुझा आवाज कसा तरीच झाला. मला वाटलं तुला तिची दया आली. का तुला जावेचं घर आटवलं? तवा इचारायचं ऱ्हायलं. उद्या इचारू म्हनलं. किती उद्या हुते तवा माझ्याकडं.

हराळी हटली. पन कशानं? तू म्हनायचीस तागानं, मी म्हनायचो उनानं. मी म्हनलं, एक पट्टी नुसती खनू, एक पट्टीत नुसता ताग टाकू, म्हंजे कळंल. तू कमरंवर हात ठिवलेस, "माझं रान हाय हे. तुझी शाळा न्हवं." अक्का, तूच बरूबर. सगळं तुझंच बरूबर, जा. न्हाय, नको. असं म्हनलं तर तू मला वळखनारबी न्हाईस. तू अर्दी बरूबर हुतीस. ये आन भांड.

यंदा फकस्त बांधाकडंची कड ऱ्हायली हुती. बांध नानांच्यात आन आपल्यात सामायिक, त्यो खनता येत न्हाय, आन हराळी त्याच्यावरनं येली सोडून परत रानात उतरायची. तू बांधाच्या कडंनं चर काढायला घेतलास. त्याच सुमाराला आप्पा रानात आले. तीन वर्सांत पयल्यांदा. मल्लव्वा सांगती, त्यांनी एक ढेकूळ फोडलं, मंग दुसरं, मंग मदी जाऊन तिसरं. माती नाकाला लावली. म्हनाले, "बी काडून ठिवतो." आन गेले. तू त्या दिशी दूधवाल्याबरं मला सोलापुरात सांगावा धाडलास, "हस्तात ये. मी मूठ धरनार हाय. तू बैलाफुडं हुबा ऱ्हा." मी क्लासात सगळ्यांना सांगितलं. माझी अक्का मूठ धरनार हाय! त्यांना काय कळतंय, ते बगतच ऱ्हायले.

फुडचं मी बगितलं न्हाय. मल्लव्वानं सांगितलं. चरात दगड लागला, कुदळ घसरली, तुझ्या पायावर बसली. लई रगत. तू खाली बसलीस, बांधावरची मूठभर हराळी वडलीस, दोन दगडांत चेचलीस, रस जखमंत पिळला आन चोथा वर दाबून चिंदी बांधली. रगत थांबलं. तू म्हनालीस, "बग मल्लव्वा, इतकं भांडले हिच्याशी, आन कामाला हीच आली." आन दिस मावळंपातूर चर काढलास.

तू काय चुकलीस? मला सांग की. ल्हानपनी माझं नाक उन्हाळ्यात फुटायचं तवा तूच डोकं मांडीवर घिऊन हराळीचा रस नाकात पिळायचीस. गार, कडवट, आन तुझ्या बांगड्या कपाळाला लागायच्या. रगत थांबायचं. हितं सगळ्यांचं असंच थांबतंय. मी तितं असतो तर मीबी तेच चेचून दिलं असतं.

आठ दिसांनी आदी तू म्हनालीस दाढ दुखती. मंग तोंड उगडंना. मला बोलवायला मानूस आला तवर घरात आंधार केला हुता, दाराला घोंगडं लावलं हुतं. उजेडाची तिरीप आली की तुझं अंग धनुष्यावानी वाकायचं. कोन मोट्यानं बोललं की वाकायचं. दवाखान्यात न्यावं म्हनून बैलगाडी जुपली, चाक एकदा खडखडलं आन तू अशी वाकलीस की आप्पांनीच बैलं सोडली. मी डाक्टरला आनला. त्यांनी पाय बगितला, सुई दिली, आन वट्यावर येऊन हात धुतले, लई येळ धुतले. मी इचारलं, गवतातनं गेलं का कुदळीतनं? ते म्हनाले, "मातीत असतं ते धनुर्वाताचं ईख, बाळ. कशातनं गेलं कोन सांगनार."

शेजारच्या बाया दारातनं बगून म्हनाल्या, "हसतीया बगा, मुखावर कसं समाधान हाय." अक्का, ते हसनं न्हवतं. मला म्हाईत हाय. तू हसलीस की तुझा डावा डोळा बारका हुतो. डोळे टक्क उगडे हुते. दात मिटलेले, व्हट तानलेले, आन तू माझ्याकडं बगत हुतीस. येवडी बोलनारी तू! तुझ्या मनात काय हुतं गं? मी कानाशी लागून पुटपुटलो, चर पुरा झालाय, नानांनी केला, रान साफ हाय, बी काडलंय. झेपंल तेवडं सांगितलं. तुझी बोटं मुठीत आवळलेली. आईनं तेल लावलं, मी एक-एक बोट धरून बगितलं. ती उगडली न्हाईत. नंतरबी न्हाय.

पंदरा दिसांमागं पेरनी झाली. नानांनी तिफन आनली, आपल्याच बैलांना जुपली. बांधावर सगळी. आप्पांनी बियाची वटी माझ्याफुडं केली. "बाळ्या, धर चाडं."

मी हात मागं घेतले. "मूठ अक्काची हाय."

नाना हळूच म्हनाले, "आरं लेकरा, गेलेल्या मानसाची मूठ कुटनं आनायची? वाफसा जाईल. धर."

मी न्हाय धरली. मला हुईना. मंग आप्पांनी काय केलं सांगू? त्यांनी वटी सोडली, बी सगळं बांधावर ठिवलं, आन मोकळ्या हातानं तिफनीमागं जाऊन हुबे ऱ्हायले. रिकाम्या चाड्यावर मूठ धरली.

"नाना, हाका."

"आप्पा, आवो बी..."

"हाका म्हनतोय न्हवं."

नानांनी हाकली. वड्यापास्नं बांधापातूर एक फेरा. आप्पांची मूठ चाड्यावर, बोटं हळूहळू उगडत-मिटत हुती, खरंच बी सोडत असल्यावानी. चाड्यात कायबी न्हवतं. तिफनीच्या मागं तीन काकऱ्या उमटत हुत्या, रिकाम्या. नानांनी बैलांना एक शिवीबी दिली न्हाय, नानांनी! मल्लव्वा मोट्यानं रडाय लागली. बांधावर आल्यावर आप्पा माझ्याकडं वळले. "तिची झाली. आता तू धर." मंग मी धरली.

नाना नंतर म्हनाले, आता त्यो तुकडा वरच्या रानात मिळवून टाका, मदला बांध काडा. आप्पा म्हनाले, "कुनाचं रान कुनात मिळवू? ते गोदीचं हाय."

शाळू उगवलाय, अक्का. बोटभर हाय, सारका, दाट, कुटं खाडा न्हाय. खाडा तेवडा तुझ्या तीन काकऱ्यांचा. लांबनं दिसतो. वाटंनं जानारी मानसं थांबत्यात. आप्पा संध्याकाळी तितं जाऊन हुबे ऱ्हात्यात.

आज सकाळी मी गेलो. आन तुझ्या मदल्या काकरीत ती आली हुती. दोन पाती, पोपटी, सुईवानी. खाली कुटंतरी काशीचा तुकडा ऱ्हायला असनार. रिकामी जागा, वर मोकळा उजेड, ती न्हाय येनार तर कोन येनार? मी खुरपं घिऊन बसलो आन माझा हात चालंना. मागं आप्पा कवा आले कळलं न्हाय. ते माझ्याशेजारी उकिडवे बसले. मंग मला इचारलं, मला, जलमात कदी काय इचारलं न्हाय त्या मानसानं, "ऱ्हाऊ द्यायची का रं? तिच्या काकरीत दुसरं काय हाय?"

मला रडूच फुटलं. ऱ्हाऊ द्या म्हनावं असं तोंडापातूर आलं हुतं. पन तू ती ऱ्हाऊ दिली असतीस? तू तिला शिव्या देत मुळापास्नं काडली असतीस, आन आमाला दोगांनाबी दिल्या असत्यास. मी म्हनलं, "न्हाय आप्पा. अक्काचं रान हाय."

मी खनत गेलो. कोपरापातूर हात गेला. काशी पांडरी, ताजी, खालीच चाललेली. धाबी बोटांनी धरून वडली. तुटली. शेंडा हातात आला, बाकी खाली ऱ्हायली. आप्पांनी बगितलं. आमाला दोगांनाबी म्हाईत हाय त्याचं काय हुतंय ते. त्यांनी माती लोटून खड्डा बुजवला.

परत येईल ती. मी सोलापुरास्नं आयतवारी येतो.

तुझा,
बाळ्या